वाट कुणाच्या कामाची

मध्य आशियातल्या डोंगरांत सायकलला सामान बांधून आठवडेच्या आठवडे एकट्याने फिरणारे लोक आता बरेच दिसतात. कझाकस्तानच्या गवताळ माळावरून निघायचं, किर्गिझस्तानातल्या खिंडी चढायच्या, ओश गाठायचं, तिथून ताजिकिस्तानातल्या पामीरच्या पठारावर जायचं आणि मग पांज नदीच्या काठाकाठाने खोरोगला उतरायचं, अशी यातली एक प्रचलित वाट. तिच्याबद्दल सगळं बोललं जातं ते जिद्दीच्या भाषेत. किती उंची गाठली, किती थंडी सोसली, किती दिवस माणूस दिसलं नाही. हे बोलणं मला अपुरं वाटतं. डांबर सोडून आपण चाक घालतो ती वाट कुणीतरी आपल्या कामासाठी काढलेली असते; मेंढपाळाने, लष्कराने, खाणीने किंवा सामूहिक शेतीच्या ट्रकांनी. ती कुणी काढली, कशासाठी काढली, आणि ते काम आज चालू आहे की बंद पडलं, हे ज्याला उमगतं त्याचा प्रवास निभावतो. ज्याला उमगत नाही तो पायात कितीही ताकद असली तरी पाण्यावाचून राहतो, नाहीतर वाहून गेलेल्या पुलाशी येऊन थांबतो. एकट्याला तर ही समज टायरइतकीच गरजेची, कारण आपला अंदाज चुकतोय हे सांगायला शेजारी दुसरं कुणी नसतं.

पामीर हायवे घ्या. ओशहून खोरोगमार्गे दुशान्बेला जाणाऱ्या या रस्त्याचा क्रमांक एम-४१. १८९० च्या दशकात रशियन सैन्याने आज जिथे मुर्गाब गाव आहे तिथे ठाणं वसवलं आणि त्याला ओशहून रसद पोचवण्याची वाट पाडली. मोटारी जातील असा रस्ता सोव्हिएत सरकारने १९३० च्या दशकात केला, तोही मुख्यतः चीन आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरची ठाणी पोसायला. रस्त्याचा हा हेतू सायकल चालवणाऱ्याला पायांतून कळतो. भरलेला ट्रक जिथे दम टाकेल असा चढ इंजिनिअरने शक्यतो टाळलेला असतो. त्यामुळे ४,६५५ मीटरच्या आक-बाइताल खिंडीपर्यंतसुद्धा रस्ता बराच वेळ संथपणे वर चढत राहतो आणि खडा टप्पा अगदी शेवटी येतो. तिथे माणूस थकतो तो चढापेक्षा विरळ हवेने. काराकुल सरोवराच्या परिसरात कितीतरी किलोमीटर सोव्हिएत काळातलं काटेरी तारांचं कुंपण सोबत चालतं. पलीकडे चीनची हद्द. हा रस्ता इथून का गेला, याचं उत्तर त्या कुंपणातच आहे. आणि आज त्यावर कोण आहे, हेही महत्त्वाचं. कुलमा खिंडीतून चीनशी वाहतूक २००४ मध्ये सुरू झाली, आणि तो फाटा मुर्गाबच्या थोडा उत्तरेला एम-४१ ला मिळतो. फाट्याच्या दक्षिणेला चिनी मालाचे लांबलचक ट्रक, धूळ आणि हॉर्न. उत्तरेला जवळजवळ निर्मनुष्य पठार. नकाशावर रेघ एकच, जाडी एकच, रंग एकच. पण अडचणीत मदत मिळायला लागणारा वेळ दोन्हीकडे अगदी वेगळा, आणि एकट्याने पाणी किती घ्यायचं हे त्या वेळावरून ठरतं.

उंचीवरून रस्त्याचा अंदाज बांधण्याची सवय आपल्या सगळ्यांना असते. ती इथे फसवते. आक-बाइताल एवढी उंच असून हिवाळ्यातही बहुतेक वेळा वाहतुकीला खुली असते. पूर्व पामीर अतिशय कोरडा, तिथे बर्फ कमी पडतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे मुर्गाबला वर्षभर माणसं राहतात आणि त्यांना पीठ, कोळसा, औषधं लागतात. उलट किर्गिझस्तानातलं सोन-कुल सरोवर ३,०१६ मीटरवर. तिकडे चढणाऱ्या खिंडी साडेतीन हजार मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पामीरच्या मानाने ठेंगण्याच. तरी त्या हिवाळाभर बंद. वर जाइलू आहे, उन्हाळी कुरण. मेंढ्या, घोडे आणि युर्त म्हणजे नमद्याचे तंबू घेऊन लोक उन्हाळ्याच्या तोंडाला चढतात आणि थंडी सुरू झाली की उतरतात. वर कुणीच नसेल तर त्या वाटेचा बर्फ कोण उपसणार? तेव्हा वाट कधी उघडते या प्रश्नाचं उत्तर हवामानखात्याइतकंच मेंढ्यांच्या वेळापत्रकात मिळतं. कझाकस्तान आणि किर्गिझस्तान यांच्यामधलं करकरा खोऱ्यातलं सीमाठाणंही असंच, उबदार महिन्यांतच उघडणारं. तारीख न बघता तिथे पोचणाऱ्याला मोठा वळसा पडतो.

आता चाकाखालची जमीन. कच्च्या रस्त्यावर सायकलस्वाराचं सगळ्यात जास्त रक्त आटवतात त्या आडव्या लाटा. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो. त्या पावसाने किंवा वाऱ्याने होतात असं पुष्कळांना वाटतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भौतिकशास्त्रीय प्रयोगात वाळूच्या थरावर चाक गोल फिरवून दाखवलं गेलं की ठरावीक वेगाच्या वर कोरड्या, सुट्या कणांच्या पृष्ठभागावर या लाटा आपोआप उठतात, आणि त्यासाठी गाडीला स्प्रिंग असण्याचीही गरज नाही. म्हणजे लाटा हा वाहनांच्या वेगाचा ठसा आहे. जिथे जीप जोरात सुटतात त्या सपाट, सरळ पट्ट्यांवर त्या जास्त. वळणावर जिथे ब्रेक लागतो तिथे, आणि चढावर जिथे चाकं माती मागे फेकतात तिथेही. जीपचा ड्रायव्हर वेग वाढवून लाटांच्या माथ्यांवरून निघून जातो. सायकलला तो वेग नाही, तिला प्रत्येक लाट चढून उतरावी लागते, आणि हँडलवरचे पंजे दुपारपर्यंत सुन्न होतात. टायरमधली हवा कमी करणं हा एक उपाय. सव्वादोन इंचांहून रुंद, ट्यूब नसलेला टायर कमी हवेवर चालवता येतो. दुसरा उपाय वाहनांच्या वागण्यातून सापडतो. लाटा असह्य झाल्या की ड्रायव्हर रस्ता सोडून शेजारच्या माळावर नवी चाकोरी पाडतात. ती ताजी असेल तोवर गुळगुळीत असते. कोणती चाकोरी सर्वांत नवी, हे धुळीतल्या टायरच्या नक्षीच्या धारदार कडांवरून ओळखता येतं. जुन्या नक्षीच्या कडा वाऱ्याने गोल झालेल्या असतात. पामीरच्या पठारावर हे ओळखणं म्हणजे दिवसाकाठी दोन-तीन तासांची बचत.

इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरून बारस्कून गावाजवळ एक कच्चा रस्ता डोंगरात शिरतो. रुंद, दाबून सपाट केलेला, धूळ बसावी म्हणून देखरेख असलेला. इतक्या उंचीवर इतका चांगला रस्ता का, तर वर कुमतोरची सोन्याची खाण आहे, सुमारे चार हजार मीटरवर, १९९७ पासून उत्पादन देणारी. तिला लागणारं सारं सामान याच रस्त्याने जातं. खाणीचा फाटा सोडून आराबेलच्या पठाराकडे वळलं की चाकांखालचा सगळा डौल ओसरतो. पाणथळ जमीन, उखडलेले दगड, चाकोऱ्यांत साचलेलं पाणी. या बदलाची खूण नकाशावर नाही. पण सोनं कुठे संपतं हे ठाऊक असणारा तिथे दिवसाचा वेग आधीच निम्म्यावर धरतो. खाणीच्या रस्त्यांची आणखी एक रीत म्हणजे ते बहुधा खाणीपाशीच थांबतात. पुढच्या खोऱ्यात उतरायची त्यांना गरज नसते. सीमेवरच्या गस्तीचा रस्ता सीमेला समांतर जातो आणि परवाना मागतो. कुरणाची वाट पाण्यापाशी पोचते आणि तिथे विरून जाते. वाटेचा स्वभाव तिच्या धन्याच्या गरजेवर बेतलेला असतो.

मात्र धनी गेलेली वाट ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि मध्य आशियात ती ठायी ठायी भेटते. सोव्हिएत काळात सामूहिक शेतांचे कळप दूरच्या कुरणांवर नेण्यासाठी, तिथे चारा आणि लोकर वाहण्यासाठी ट्रकचे रस्ते कोरले गेले. १९९१ नंतर ही शेतं मोडली, कळप वाटले गेले, रस्त्यांचा खर्च उचलायला कुणी उरलं नाही. अशा रस्त्याच्या मरणालाही क्रम असतो. आधी पूल जातो. मग ओढ्याखालच्या मोऱ्या तुंबतात आणि पाणी रस्त्यावरून वाहू लागतं. त्यानंतर वरच्या बाजूची दरड खाली येते. रस्त्याचा पृष्ठभाग मात्र खूप वर्षं टिकतो. किंबहुना वाहनंच नसल्यामुळे त्यावर लाटा उठत नाहीत, बारीक गवत उगवतं आणि सायकलला तो हवाहवासा वाटतो. धोका नेमका इथे आहे. गवताळलेला, मऊ, निवांत रस्ता दिवसभर माणसाला आत ओढून नेतो आणि संध्याकाळी नदीपाशी सोडतो, जिथे पाण्यात फक्त काँक्रीटचे दोन खांब उभे असतात. चांगला पण ओस रस्ता दिसला की हुरूप यायच्या ऐवजी शंका यावी, असं मी म्हणेन. ताजं शेण नाही, चाकाची नक्षी नाही, तर पुढे काहीतरी तुटलेलं आहे असं धरून चालावं आणि माघारी येण्यापुरतं अन्न शिल्लक ठेवावं.

नद्यांचंही एक वेळापत्रक असतं. हिमनदीतून येणारं पाणी दुपारनंतर चढतं, कारण वरचा बर्फ दिवसाच्या उन्हात वितळून खाली पोचायला काही तास लागतात. रात्री थंडी पडली की पहाटे तीच नदी गुडघ्याखाली येते. ताजिकिस्तानातल्या बार्तांग खोऱ्यात उन्हाळ्यात नदी काही ठिकाणी रस्त्यावरच पसरते, आणि तिथली माणसं गाडी काढतात ती ही वेळ धरून. घोड्यावरच्या मेंढपाळांचंही तेच. कुरणाच्या उतारावर मेंढ्यांच्या वाटा वीस-पंचवीस फाटे फुटून पसरतात आणि नवख्याला कोणती खरी ते समजत नाही. मेंढ्यांच्या लेंड्यांची वाट चरत चरत कुठेही जाते, घोड्याच्या लिदीची वाट मात्र माणसाकडे जाते, कारण घोड्यावर बसलेल्याला संध्याकाळी युर्त गाठायची असते. नदी ओलांडायची जागाही घोडाच दाखवतो. जिथे काठावर खुरांनी माती तुडवलेली असते तिथे तळ भक्कम असतो. पाणी शांत दिसतं म्हणून दुसरीकडे उतरणं धोक्याचं, कारण शांत पाणी बहुधा खोल असतं. वाटेच्या धन्यावरून वाट ओळखण्याचा हा विचार आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना नवा वाटू नये. नाणेघाटाच्या माथ्यावर लेणी, पाण्याची टाकी आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, कारण सातवाहनांच्या काळात तिथून व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते. तांड्याला जिथे पाणी लागलं तिथे आज ट्रेकरला ते मिळतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो फोनचा. उपग्रहाची छायाचित्रं आहेत, मोफत नकाशे आहेत, आधी गेलेल्या शेकडो लोकांच्या मार्गांच्या फाइली आहेत. मग वाटेचा इतिहास कशाला उकरायचा? फोनचं महत्त्व मी कमी लेखत नाही, तो नसेल तर या प्रदेशात एकट्याने शिरू नये. पण छायाचित्रात पुलाचे खांब दिसतात, त्यांवर फळ्या आहेत की नाही ते दिसत नाही. ते कोणत्या महिन्यातलं आहे यावर नदीची रुंदी बदलते. आणि दुसऱ्याच्या मार्गाची फाइल म्हणजे त्याने केलेला विचार आयता घेणं. त्याचा मोसम, त्याचं वजन, त्याची सोबत त्या रेघेत उतरत नाही. किर्गिझस्तानात २०१८ पासून होणाऱ्या सिल्क रोड माउंटन रेसमध्ये स्पर्धक पावणेदोन-दोन हजार किलोमीटरचा बराचसा कच्चा मार्ग दोन आठवड्यांच्या आसपास, रात्रीही सायकल मारत पार करतात, आणि त्यांना वाटेचा असा अभ्यास करायला उसंत नसते, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण आयोजकांनी तो मार्ग आधी पाहून ठेवलेला असतो, आणि मागेपुढे इतर स्पर्धक असतात. विचार तिथेही झालेला असतो, फक्त तो दुसऱ्याने केलेला असतो.

स्थानिकांना विचारलं की झालं, हे म्हणणं मला जास्त पटतं, तरी त्यात एक मेख आहे. रस्ता कसा आहे असं विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या वाहनाने उत्तर देतो. कामाझ ट्रकवाल्याच्या लेखी जो रस्ता चांगला त्यात गुडघाभर धुळीचे खड्डे असू शकतात, आणि घोडेस्वाराच्या चांगल्या वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून प्रश्न बदलावा. या वाटेने शेवटची गाडी कधी गेली, ती कोणती होती, परत त्याच वाटेने आली का? मोडक्या रशियनमधले चार शब्द आणि हाताच्या खुणा एवढ्यावर हे विचारता येतं. वाट ज्याच्या कामाची आहे त्याला हे माहीत असतंच.

दुसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे. सगळं आधीच समजून घेतलं तर साहस उरलं कुठे? कुणाच्याही पाऊलखुणा नसलेल्या जागी जाण्याची ओढ खोटी नाही, ती मलाही आहे. मात्र या डोंगरांत अशी जागा सायकलला मिळत नाही. चाक जिथे फिरतं तिथे कुणीतरी दगड बाजूला केलेले असतात. वाखानच्या खोऱ्यात पांज नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान दिसतो. १८७३ चा करार आणि १८९५ चा सीमा आयोग यांतून ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांनी इथे नदीचीच हद्द ठरवली आणि एकाच भाषेची, एकाच नात्यागोत्याची गावं दोन देशांत गेली. खोरोगच्या दोन्ही अंगांना, पलीकडच्या उभ्या कड्यात, काही ठिकाणी दगड रचून आणि लाकडं खोचून केलेली अरुंद वाट दिसते, तिच्यावरून गाढवं ओझी नेतात. अलीकडे सोव्हिएतांनी सुरुंग लावून केलेला रस्ता, पलीकडे हातांनी रचलेली वाट, मध्ये तीस-चाळीस मीटर पाणी. ती वाट कुणी आणि किती पिढ्या राखली असेल, या विचाराने प्रवासाचं थरारपण कमी होतं असं मला वाटत नाही. ते वाढतं, आणि स्वतःच्या दमण्याचं माप ठिकाणावर येतं.

एकट्याने जाण्यातल्या धोक्याचं काय? २०१८ च्या जुलैमध्ये ताजिकिस्तानात दांगाराजवळ चार परदेशी सायकलस्वारांची हत्या झाली, आणि ती घटना या प्रवासाबद्दल बोलताना टाळता येत नाही. ते एकटे नव्हते आणि हमरस्त्यावर होते. यावरून आडवाट सुरक्षित असं अनुमान काढणं चूक ठरेल. एवढंच म्हणता येतं की माणसांकडून होणारा घात वाटेच्या कच्चेपणावर अवलंबून नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये किर्गिझ-ताजिक सीमेवर चकमकी झाल्या, सीमा बंद राहिली, आणि मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरार केला तेव्हा ती पुन्हा उघडायला लागली. मधल्या काळात ओशहून पामीरला जाणारी जुनी वाट विशेष परवानगीशिवाय प्रवाशाला मिळत नव्हती. वाट कुणाच्या कामाची, या प्रश्नात राजकारणही येतं ते असं. बाकी आडवाटेवरचे रोजचे धोके म्हणजे उंचीचा त्रास, पाणी, आणि मदत येईपर्यंतचा वेळ. यांत सोबतीचा उपयोग निर्विवाद आहे. फ्रामरोझ दावर १९२४ मध्ये मुंबईहून सायकलने जगप्रवासाला एकटेच निघाले, पण व्हिएन्नात गुस्ताव झ्टाव्ह्यानिक भेटल्यावर पुढची सहारा आणि दक्षिण अमेरिकेतली वाट दोघांनी मिळून केली. एकटेपण हे व्रत मानायचं कारण नाही. ज्या टप्प्यावर वाटेची माहिती तोकडी आहे तिथे सोबत घ्यावी किंवा सरळ ट्रकला हात करावा.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर. दुसऱ्यांच्या पोटापाण्याच्या वाटेवर आपण हौसेखातर फिरतो, हे बरोबर आहे का? सोव्हिएत संघ फुटल्यावर पूर्व पामीरला येणारा स्वस्त कोळसा आटला आणि लोकांना चुलीसाठी तेरेस्केन नावाचं खुरटं झुडूप मुळासकट उपटावं लागलं. पठारावर जळणाजोगं बहुतेक तेवढंच उगवतं, आणि ते फार सावकाश वाढतं. आता ते आणायला दरवर्षी आणखी लांब जावं लागतं. अशा घरात रात्री पाहुण्याच्या चहासाठी स्टोव्ह पेटतो तेव्हा त्याची किंमत त्या अंतरात मोजली जाते. म्हणून मुक्कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आपलं इंधन आपण न्यावं, शेकोटी करू नये, आणि गावच्या एकुलत्या दुकानातली बिस्किटं-नूडल्स सगळी उचलू नयेत, कारण पुढचा ट्रक कधी येईल हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. फिरण्याचा हक्क यातून विकत मिळत नाही. पण ज्यांच्या वाटेने जातो त्यांच्यावर भार पडू न देणं एवढं तरी साधतं.

आणि एक काम परत आल्यावरही उरतं. मागून येणाऱ्यांसाठी आपण मार्गाची नोंद ठेवतो तेव्हा बहुतेक वेळा लिहितो: अवघड, सुंदर, खडतर. याचा कुणाला उपयोग नाही. नोंद अशी हवी: कुरणाचा जुना ट्रकरस्ता, वरच्या खोऱ्यात पूल नाही, घोडेस्वार सकाळी नऊच्या आत नदी ओलांडतात, कळप सप्टेंबरच्या मध्याला उतरतो आणि त्यानंतर खिंडीच्या अलीकडे युर्त नाही, पिण्याचं पाणी दोन्ही उतारांना आहे पण माथ्यावर नाही. शेजारी महिना आणि वर्ष.